देवकीच्या घोट्याशी

साबणाच्या वडीएवढे एक जुने यंत्र आहे मी, मित्रांनो. पाठीवर ओरखडे आहेत, एका बटणावरचे चिन्ह पुसून गेले आहे आणि कडेच्या फटीत कुंकवाचा एक कण कायमचा अडकून बसला आहे. तो कुणी टोकरून काढू नये, एवढी माझी इच्छा आहे. का, ते पुढे कळेलच. माझ्या अंगातून दोन बारीक वायरी निघतात आणि त्यांच्या टोकांना दोन चिकट पट्ट्या असतात. त्या कातडीवर लावल्या की आतल्या नसेला मी विजेचे हलके ठोके देते. मुंग्या चालल्यासारखे वाटते, इतकेच.

घरात टीव्हीला मान असतो, फ्रीजला असतो, मिक्सरला तर भलताच असतो. माझे नाव मोठ्याने घ्यायला मात्र माणसे संकोचतात. माझे काम ज्या गोष्टीशी आहे ती परसदारी उरकायची, माजघरात बोलायची नाही, अशी रीत आहे. मी मात्र संकोचत नाही. मी जे केले त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. वितळत्या कथलाचा वास आणि ओळीने मांडलेली माझ्यासारखीच भावंडे, एवढेच आठवते. तिथून मी म्हापशाच्या एका दुकानात आले. माझ्या एका बाजूला कमरेचे पट्टे होते, दुसऱ्या बाजूला गरम पाण्याच्या पिशव्या. भावंडे एकेक करून गेली. कुणी पाठीसाठी, कुणी खांद्यासाठी, कुणी गुडघ्यासाठी. माझ्याही नशिबी एखादा गुडघाच असणार, असे मी धरून चालले होते.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास एक तरुण बाई आली. तिचे नाव हर्षा. ती डिचोलीच्या एका शाळेत शिकवते. तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"पाठीसाठी ना?" दुकानदाराने मला खाली काढत विचारले.

"नाही. पोटासाठी. आईच्या."

"मग पट्ट्या पोटावर लावणार?"

"घोट्यावर."

दुकानदाराने मला उलटसुलट करून पाहिले. "पोट बिघडलेय आणि घोट्याला? डॉक्टरांना विचारलेत ना नीट?"

"दोनदा विचारले," हर्षा म्हणाली आणि मला पिशवीत टाकले.

मित्रांनो, मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागली त्याच्या आधीपासून, पठाराच्या पायथ्याशी रस्त्याला लागून देवकीचे हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाके, एक लांब मेज आणि पत्र्याचे छप्पर. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवीत यायचा आणि उंड्यांची, गोल पावांची, टोपली रिकामी करायचा. तोवर देवकीचे तोणाक चुलीवर रटरटत असायचे. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली ती अळसांद्यांची, गावठी चवळीची, दाट आमटी खायला विमानतळावरचे टॅक्सीवाले वाट वाकडी करून येत. त्यांचे दोन घास खाऊन होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. घास गिळलेल्या माणसाचा चेहरा पाहिला की तिला आपल्या तोणाकाची चव कळायची. दुसरा उपाय तिच्यापाशी उरला नव्हता, कारण तिने स्वतः चव घेणे बंद केले होते.

तिचे दुखणे असे होते. गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तुम्हांला ठाऊक आहे. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि रोट द्यायचा, मग तो गावाला सांभाळतो. माणसाच्या अंगातही असे राखणदार असतात. बाहेरून रोग आला की ते धावून जातात. देवकीच्या अंगातल्या राखणदारांची ओळख चुकली आणि ते आपल्याच घरावर दगड टाकू लागले. तिच्या हातांची कातडी ताठ झाली, बोटे पुरती मिटेनाशी झाली, थंड पाण्याला हात लागला की नखे निळी पडू लागली. डॉक्टर या रोगाला स्क्लेरोडर्मा म्हणतात.

बोटे सगळ्यांना दिसत होती. आतडी कुणाला दिसत नव्हती. तीही ताठरली होती, ढकलायचे काम विसरली होती. कितीएक दिवस पोट साफ होत नसे. ते घुमट वाद्याच्या चामड्यासारखे ताणून बसे आणि घास पाहिला तरी तिला मळमळे. आत गेलेले बाहेर पडत नाही, तर घालायचे तरी कशाला, असे म्हणून तिने पेजेच्या निवळीवर दिवस काढायला सुरुवात केली. ती वाळत चालली. शेवटी प्रिया डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले, "खाणे वाढले नाही तर नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागेल. दिवाळीनंतर या, तेव्हा ठरवू."

त्यावर देवकी जे बोलली ते हर्षाने घरी येऊन बाबांना सांगितले, तेव्हा मी पिशवीत होते आणि मी ऐकले.

"गावाक वाडतंय ती मी," ती म्हणाली होती, "आनी माका नळीन जेवयतल्यात?"

नळी वाईट नसते, मित्रांनो. ती कितीतरी माणसांना जगवते. पण देवकीला ती नको होती. तिला आपल्या हाताने पाव मोडून आपल्या तोणाकात बुडवायचा होता. त्यासाठी मला आणले होते.

पहिल्या दिवशी हर्षाने आईचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला. घोट्याच्या आतल्या हाडामागे एक पट्टी आणि त्याच्या थोडी वर दुसरी. "इथून एक नस जाते, आये," ती म्हणाली. "ती वर कमरेपर्यंत पोचते. आतड्याच्या खालच्या भागाला निरोप तिथूनच जातात. आपण खालून हाक मारून बघायची."

"आनी वयल्यान ऐकला नाय तर?"

"काहींना गुण येतो, काहींना येत नाही. डॉक्टरांनी तसेच सांगितलेय. औषध, पाणी, चालणे, काही सोडायचे नाही."

मी ठोके देऊ लागले. काही होईना. हर्षाने पट्टी किंचित मागे सरकवली. पुन्हा काही नाही. तिने आणखी केसभर सरकवली, आणि देवकीच्या पायाचा अंगठा आपोआप खाली वाकला. पुन्हा वाकला. ठोक्याठोक्याला वाकू लागला. जागा सापडल्याची ती खूण होती.

देवकी आपल्याच पायाकडे परक्याच्या पायाकडे पाहावे तशी पाहत राहिली. बोटे मिटेनाशी झाल्यापासून तिच्या अंगाचे काही इतके चटकन हललेले तिने पाहिले नव्हते. मग ती हसली.

"नाचलो मरे!" ती म्हणाली. म्हणजे, नाचला की रे!

त्या दिवसापासून आमचे रोजचे काम ठरले. दुपारी हॉटेलची गर्दी ओसरली की ती उकड्या तांदळाची पेज चुलीवर ठेवायची आणि खिडकीपाशी बसून मला पायाला लावायची. पेज शिजेपर्यंत मी ठोके द्यायचे. पेज उतरली की माझी सुटी. अंगठा हलला की दर वेळी ती तेच दोन शब्द म्हणे, जणू एखादे पोर अंगणात नाचत आले आहे. माझ्या पट्ट्या वाळू नयेत म्हणून तिने त्यांना फ्रीजमध्ये, केळीच्या पानात गुंडाळलेल्या अबोलीच्या वळेसराशेजारी, गजऱ्याशेजारी, जागा दिली. चिकटपणा उणावला की ओल्या बोटाने एक थेंब पुसायची. त्यामुळे माझ्या पट्ट्या पुष्कळ टिकल्या आणि त्यांना नेहमी फुलांचा थंडावा असे. म्हापशातल्या माझ्या भावंडांना असा थाट लाभला नसणार.

एक गोष्ट मात्र मला सलत होती. ती माझे खरे काम कुणाला सांगत नसे.

एकदा टॅक्सीवाला गुरुदास अवेळी चहाला आला आणि त्याने वायरी पाहिल्या. "मावशे, ह्यां काय लायलंस पायाक?"

"गुडघो दुखता."

"गुडघो वर आसा, वायरी खाली?"

"तुज्या टॅक्सीचो हॉर्न दाबतंस खय आनी वाजता खय? गप च्या पी."

सगळे हसले आणि मी गुडघ्याचे यंत्र झाले. चार माणसांत पोटाची गोष्ट काढायची म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखे होई, त्याहून लटका गुडघा परवडला. हॉटेलातल्या एका ठरलेल्या बाकावर रोज सकाळी सायली नावाची एक मुलगी बसायची. विमानतळावर कामाला होती, गणवेशात यायची आणि अर्धा पाव खाऊन उरलेला कागदात गुंडाळायची. देवकी तिला सोडत नसे.

"बाय, उंदीर सुद्दां तुज्यापेक्षा जास्त खाता. माजा तोणाक वायट झाला काय?"

"नाय मावशी, बरा आसा. पोट भरला."

"अर्ध्या पावान? पोट आसा काय काड्यांची पेटी?"

सायली हसायची आणि निघून जायची. दोघीही एकमेकींशी खोटे बोलत होत्या. ते मला तेव्हा कळले नाही. मी दुपारचे यंत्र, मला सकाळचे फक्त ऐकू येई.

गणपतीची चवथ आली, गेली. पोट आता अधूनमधून वेळेवर साफ होऊ लागले होते. देवकी पेजेबरोबर एखादी फोड लोणचे, मग मऊ भात, मग भातावर दोन चमचे वरण घेऊ लागली होती. तोणाकाला अजून हात लावला नव्हता. "ह्या येवजूया," ती म्हणायची. विचार करून ठरवूया, असा त्याचा अर्थ. आणि मग दसरा उजाडला.

आता देवकीच्या नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी. बाबलीने उमेदीची सारी वर्षे खाणीवरचा ट्रक हाकला होता. खाणी थांबल्यावर त्याने एक जुना टेम्पो घेतला. त्याचे एक शास्त्र होते: न धुतलेल्या वस्तूची पूजा करायची नाही. दसऱ्याच्या सकाळी तो टेम्पो धुवायचा, मग जॅक, मग पाने, मग चाके खोलायचा दांडा. बायकोची खोबरे खवायची आदोळी आणि सुरेही तोच घासायचा. त्या वर्षी देवकी घरातून म्हणाली, "अवो, ह्या पण मांडा पाटार. ह्या माजा हत्यार."

हत्यार! मित्रांनो, इतक्या वर्षांत मला यंत्र म्हणाले, मशीन म्हणाले, डबी म्हणाले. हत्यार म्हणणारी ती एकटीच. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात बाबलीने मला उचलले आणि जॅकच्या मागोमाग शांपूच्या बादलीत बुडवले.

खरे सांगते, इतक्या मायेने मला कुणी कधी हाताळले नव्हते. त्याने जुन्या दातघासणीने माझ्या फटी साफ केल्या. दोन्ही कुशींवर वळवून मला घासले. चुळा भरवल्यासारखे माझ्या भोकांत पाणी ओतले. मग उन्हात पुसून, पाटावर आदोळी आणि जॅकच्या मध्ये बसवून कपाळी कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले, नारळ फोडला. मी केव्हाच बंद पडले होते आणि माझी पूजा चालली होती.

दुपारी पेज चुलीवर चढली. देवकीने पट्ट्या लावल्या, बोटाच्या पेराने बटण दाबले. पुन्हा दाबले. माझा हिरवा दिवा लागेना.

"अवो, ह्या ओला कशाक लागता?"

"धुतलाय ना," बाबली अभिमानाने म्हणाला.

"धुतलात?"

"मग? टेम्पो धुतलाय, जॅक धुतलाय, तुज्या मशीनान काय पाप केला?"

देवकी इतकी हसली की तिला पोट धरावे लागले. पोट हाताला लागले आणि तिचे हसू थांबले. बाबलीकडे तिने पाहिले नाही, कारण तो तिच्याहून घाबरला होता. तिने डिचोलीला हर्षाला फोन लावला.

"बाबा, आदी सेल काड," हर्षा पलीकडून ओरडली. "आताच्या आता. सेल आत ठेवून यंत्र भिजला की सगळा जळता. मगे पुसून तांदळात पूर. चालू करून बघू नको!"

मी उकड्या तांदळाच्या पिंपात गेले. म्हापशाच्या दुकानात तेव्हा माझ्यासारखे एकही शिल्लक नव्हते. माल दिवाळीनंतर येईल, असे दुकानदार म्हणाला. दिवाळीनंतर तर डॉक्टरांची भेट होती.

तांदळाच्या अंधारात मला दोनच गोष्टी कळत. एक, संध्याकाळी बाबलीचा हात आत शिरे, मला बाहेर काढी, नारळातले पाणी पाहावे तसे कानाशी हलवी आणि परत पुरून ठेवी. दुसरी, देवकीच्या जेवणाचा आवाज. आधी भाताच्या ताटाचा आवाज थांबला. मग वाटीचा. मग फक्त पेला ठेवल्याचा आवाज येऊ लागला, पेजेच्या निवळीचा. पोट पुन्हा ताणून बसले होते. औषधे चालूच होती, पण त्यांना एकट्याने ते रेटवत नव्हते. नळी परत दारात येऊन उभी राहिली होती.

अशाच एका सकाळी हॉटेल भरलेले असताना गुरुदास आत आला.

"मावशे, आयेचो गुडघो सुजलो हा. तुजा मशीन दोन दिस दी गो."

"बंद पडला ता. तांदळात आसा."

"तांदळात? शिजयतंस काय?" बाकांवर हशा पिकला. "जावंदे गो. गुडघ्याचाच ना? बाम लाय. गुडघ्यान कोण मराक नाय!"

कोपऱ्यात पाव मोजणाऱ्या बाबलीने टोपली खाली आपटली. त्याच्या हातून घडलेल्या गोष्टीने बायको वाळते आहे आणि लोक गुडघ्याला हसताहेत, हे त्याला सोसवेना. "गुरुदासा," तो उठत म्हणाला, "तुका काय म्हायत आसा—"

"तुमी बसा," देवकी म्हणाली. तिने चुलीवरचा डाव खाली ठेवला. पिंप चुलीच्या मागेच होते, त्यामुळे मला एकेक शब्द ऐकू आला.

"गुडघ्याचा नाय रे ता. पोटाचा. माका परसाकडे होना नाय. आठ-आठ दिस होना नाय. ह्या रोगान माजी आतडी आळशी केल्यान. म्हणून मी जेवना नाय. ता मशीन लायल्यार थोडा होय, आता ता पण बंद. डॉक्टर नाकात नळी घालतले. आता सांगलंय. आता हसा."

कुणी हसले नाही.  

आणि मग सायलीच्या बाकावरून अगदी बारीक आवाज आला. "मावशी."

"काय गो?"

"माजा पण तसाच," सायली म्हणाली. "माका लूपस आसा. दोन वर्सां झाली. अर्धो पाव म्हणूनच खातंय. डॉक्टरांक सुद्दां सांगूक लज दिसता." लूपसमध्येही अंगातले राखणदार आपल्याच घरावर उठतात.

देवकीने चुलीतले लाकूड मागे ओढले, ते मला ऐकू आले. मग म्हणाली, "आनी मी तुका उंदीर म्हणी!"

"काड्यांची पेटी पण म्हणलंस," सायली म्हणाली आणि रडता रडता हसली.

गुरुदास उठून चुलीपाशी आला. "मावशे, चुकलंय. आज माका मडगावचा भाडा आसा. थंयच्या दुकानांत इचारून येतंय."

"पयली आवय बघ तुजी, मशीन मागीर," देवकी म्हणाली. "आनी पाव सोपय. अन्न टाकू नको."

त्या दिवसापासून त्या हॉटेलात कुणी मला गुडघ्याचे यंत्र म्हटले नाही. सायली प्रिया डॉक्टरांकडे गेली आणि तिने सगळे सांगितले. तांदळात बंद पडलेल्या यंत्राने त्या आठवड्यात सर्वांत मोठे काम केले, असे मला आजही वाटते.

गुरुदास मडगावहून रिकाम्या हाताने आला. पण त्याच संध्याकाळी बाबलीने मला बाहेर काढले, हलवले, नवे सेल घातले आणि डोळे मिटून बटण दाबले. माझा हिरवा दिवा लागला. बायकोच्या पायाला लावायचे धाडस त्याला होईना. आधी त्याने पट्ट्या स्वतःच्याच घोट्याला लावल्या. जागा चुकली, पुन्हा चुकली, आणि मग तो ओरडला, "अगो! माजो पण नाचता!"

"नाचता तर नाचता. आता हंय हाड," पाय पुढे करीत देवकी म्हणाली.

सगळे चटकन सुधारले असे मी सांगणार नाही. आठवडे गेले. औषध होते, पाणी होते, संध्याकाळी बाबलीबरोबर पठाराच्या वाटेने चालणे होते, आणि मी होते. गुण माझ्या एकट्याचा नव्हता. पण दिवाळीनंतर, डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी हॉटेल भरलेले असताना, देवकीने एक वाटी तोणाक वाढून घेतले आणि चुलीपाशी न बसता बाहेर लांब मेजाशी, गिऱ्हाइकांच्या रांगेत येऊन बसली. ताठ बोटांनी तिला उंडा मोडता येईना. शेजारी बसलेल्या सायलीने तो मोडून दिला. देवकीने तुकडा बुडवला आणि खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते, ती इतकी वर्षे त्यांच्या तोंडाकडे पाहायची तशी.

"मीठ कमी आसा," ती म्हणाली. "तीन वर्सां तुमी ह्या खाताय आनी एकान सुद्दां सांगूक नाय?"

बाबली पाठ फिरवून रिकामी टोपली झाडत राहिला. भेटीच्या दिवशी प्रिया डॉक्टरांनी नळीची गोष्ट काढली नाही. त्यांनी माझी चौकशी केली.

त्यानंतर आम्ही दोघींनी दोन वर्षांहून अधिक काळ काम केले. मग तो रोग तिच्या फुप्फुसांत उतरला. तिथवर माझे ठोके पोचत नाहीत. ती एका मार्गशीर्षात, सकाळी, पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी गेली. आदल्या दिवशी तिने दोन चमचे तोणाक मागून घेतले होते, आपल्या तोंडाने खाल्ले होते आणि मीठ बरोबर आहे असे सांगितले होते. मला याहून मोठी पदवी नको.

हर्षाने मला कपाटात ठेवले, आईच्या अबोली रंगाच्या लुगड्याखाली. सेल काढायची आठवण तिला राहिली नाही. बाबांना फोनवरून ओरडून सांगणारी ती, पण त्या दिवसांत तिच्या हाताला काही सुचत नव्हते. मी तिला दोष देत नाही. सेल हळूहळू फुटले, त्यांचे पाणी माझ्या पोटात झिरपले आणि तिथे हिरवट पांढरा थर साचला. माणसांची पोटे हलती ठेवणारी मी, माझेच पोट तुंबले. कपाट कधी उघडले जाई, उघडणाऱ्याला लुगड्याची घडी तेवढी दिसे, आणि कपाट पुन्हा बंद होई.

मग पुन्हा दसरा आला. अंगणात टेम्पो धुतल्याचा आवाज आला, पान्यांचा खणखणाट आला. आणि बाबलीचा आवाज आला.

"हर्षा, तुज्या आवयचा हत्यार खय आसा? पाटार जागा सोडलंय."

लुगडे बाजूला झाले. हर्षाने माझी पाठ उघडली आणि आतला थर पाहून ती थबकली. मग खाली बसली. कापसाच्या बोळ्याला लिंबू लावून तिने तो थर काढला, कोपराकोपरा कोरडा केला. एकदा तिने चष्मा काढून पुसला, तेवढेच.

"कुंकू पण काड," बाबली म्हणाला.

"ते राहू दे."

"धुवूक व्हया काय ह्या?" तो जपून विचारू लागला.

"बाबा!"

"इचारलंय गो नुसता."

संध्याकाळी सायली आपट्याची पाने घेऊन आली. सोने दिले, बाबलीच्या पाया पडली आणि जरा घुटमळली. प्रिया डॉक्टरांनी तिची औषधे बदलून पाहिली होती. आता घोट्याचे यंत्र लावून पाहा म्हणाल्या होत्या. हातात चिठ्ठी होती, पण मागावे कसे ते तिला कळत नव्हते. हर्षाने चिठ्ठी पुरती वाचली. मग पाटावरून मला उचलले, नवे सेल आणि नव्या पट्ट्या घातल्या आणि म्हणाली, "पाय दी."

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र कुणी आपल्या मनाने लावू नका. ज्यांच्या छातीत यंत्र बसवलेले असते, जिच्या पोटात बाळ असते, त्यांना मी चालत नाही. आधी डॉक्टरांना विचारायचे. वापरून झाले की माझे सेल काढून ठेवा, मला पाण्यापासून जपा, पूजेच्या दिवशी तर जास्तच. आणि घरात कुणी ताटावरून अर्धपोटी उठत असेल तर त्याची चेष्टा करू नका. जवळ बसा, हळू विचारा. लाजेने मिटलेले तोंड उघडायला माझ्यासारख्याचे ठोके पुरत नाहीत, तिथे माणूसच लागतो.

सायलीने पाय पुढे केला. हर्षाने तो मांडीवर घेतला. हाडामागे एक पट्टी, वर दुसरी. काही नाही. तिने थोडी मागे सरकवली. काही नाही. आणखी केसभर. मी माझे सगळे बळ त्या एका ठोक्यात घातले.

अंगठा वाकला.

 बाबली दाराकडे पाहत होता. आणि मग हर्षा, जी आजवर आईच्या पद्धतीने हसली नव्हती, ती हसली आणि म्हणाली,

"नाचलो मरे!"